सातवा फर्मा

सोमवारी सकाळी सायकलवरून कचेरीला निघालेल्या गिरधर नानांना आग्रा रोडवर भटू बाइंडरने हात जोडून थांबवलं, तेव्हा नानांनी आधी नाक मुरडलं. भटूच्या अंगाला खळीचा वास कायमचा चिकटलेला असे. वाचनालयाची नवी पुस्तकं महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडे जात. प्रकाशकाची कच्ची बांधणी उसवून तो त्यांना जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ लावून देई, म्हणजे धुळ्याच्या वाचकांच्या तावडीत ती वर्ष-दोन वर्षं तग धरत. कालच्या सभेलाही तो बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आला होता आणि भाषण सुरू झालेलं पाहून दाराशीच उकिडवा बसला होता. बसला असेल. दाराशी कुत्रीही बसतात, असं नानांना तेव्हा वाटलं होतं. आत्ता त्यांनी सायकलवरून न उतरता एक पाय कडेच्या दगडावर टेकवला आणि घड्याळ पाहिलं.

"नाना, एक गोट सांगानी व्हती. रागे भरू नका."

"लवकर बोल."

"काल तुम्ही ती कादंबरी वर धरी ना, तवय तिन्हा काठले माले पिवया पट्टा दिसना. बठ्ठा कागद पांढरा आनि मधमा पिवया पट्टा. तठेच माले समजनं." भटूने इकडेतिकडे पाहिलं. "ते पानं त्या पुस्तकना नहीत, नाना. दोंडाईचाना शेठना पुस्तकना शेतस. सातवा फर्मा. मन्हाकडथीन बदली गया."

नानांना पहिल्यांदा ते समजलंच नाही. भटूने मग रस्त्यातच हातवारे करून सांगितलं. या महिन्याची चारही नवी पुस्तकं एकाच आकाराची, एकाच संध्याकाळी उसवलेली. सोळा-सोळा पानांचे फर्मे घरात मांडून ठेवलेले, आणि वाऱ्याने की शेळीने कोण जाणे, ते एकमेकांत मिसळले. त्याने आकडे पाहून परत लावले. "आकडा कळस माले, अक्षर नही कळत. सातना आंगे आठ लावा, आठना आंगे नऊ. कोनतं पुस्तक ते कसं कळी?" आणि मग खरी विनवणी: "कोनले सांगू नका. वाचनालयनं काम गयं ते मन्हं कसं व्हई? पुस्तकं द्या, दोन दिनमा सरय करी दिसू."

"बघू," असं म्हणून नानांनी पायडल मारलं. पाचव्या गल्लीच्या तोंडाशी एका टांग्यावर सायकल आदळता आदळता वाचली.

धुळ्यात गिरधर नानांना दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, जिल्हा कचेरीतले हेडक्लार्क म्हणून. ती ओळख त्यांना स्वतःला फारशी मान्य नव्हती. दुसरी, महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या दिवाणखान्यात नव्या पुस्तकांची ओळख करून देणारे म्हणून. अकरा वर्षं हा क्रम चालला होता. नाना कोणतं पुस्तक उचलतात आणि कोणतं आपटतात हे ऐकायला चाळीस-पन्नास माणसं जमत, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या खिडकीवर नानांनी उचललेल्या पुस्तकासाठी नंबर लागत. या माणसांबद्दल नानांना कमालीची तुच्छता वाटे. निवृत्त मामलेदार भाईदासजी, दोन वकील, शाळामास्तर, पेढी मुनीमावर सोपवून आलेले तीन-चार शेठ, भिंतीच्या कडेला बसलेल्या बायका. यांना पुस्तक कशाला हवं होतं? चार प्रकारचे रोगी, चार पुड्या. समितीने तसा नियमच करून टाकला होता: दर महिन्याला एक पुस्तक यशस्वी कसं व्हावं ते सांगणारं, एक आत्मचरित्र, एक कादंबरी आणि एक परमार्थाचं. यशाचं पुस्तक नेत ते ज्यांना यश कशाशी खातात हे माहीत नव्हतं, आणि सकाळी लवकर उठलं की माणूस कलेक्टर होतो असं वाचून ते आठला उठत. परमार्थाचं पुस्तक मामलेदार नेत. नोकरीत असताना लोकांच्या जमिनी इकडच्या तिकडे करणाऱ्याला आता आत्म्याचा सातबारा आपल्या नावावर हवा होता. आत्मचरित्रं लिहिणाऱ्याखेरीज कुणी वाचत नसे. उरली कादंबरी. ती मात्र नानांची. तिच्यात काय नवं आहे, कोणता लेखक आज आहे आणि उद्या राहील, हे या तापीपलीकडच्या आणि अलीकडच्या मुलखात एकाच माणसाला कळतं, असं नाना कुणाजवळ बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती, सगळे ते धरूनच चालत. पन्नाशी आली, बढती हुकली, पोटी मूल झालं नाही, पण एवढं एक होतं. पुस्तक हातात घेतलं की त्याची जात कळणं. ते गेलं असतं तर गिरधर नाना म्हणजे टेबलामागची एक गोल टोपी उरली असती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कचेरीत त्यांनी एका फायलीवर तीन वेळा तीच सही केली. कालची सभा डोक्यातून हलेना. पहिल्या दोन पुस्तकांचा फडशा त्यांनी नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत पाडला होता. मग तिसरं: 'माझे साधे दिवस', लेखक झुंबरलाल, कापसाचे जुने व्यापारी, दोंडाईचा. स्वतःच छापून घेतलेलं, छापखाना गावठी, टाइप झिजलेला, कागद पिवळट. म्हातारा खुद्द पहिल्या रांगेत येऊन बसला होता, पांढरं धोतर, लाल पगडी, काठीवर दोन्ही हात. कुणीतरी त्याला सांगितलं असणार की नाना तुमच्या पुस्तकावर बोलणार आहेत. नानांनी पुस्तकाची पहिली वीसेक पानं चाळली होती. वीस पानांत कळतं. आणि समोर बसलाय म्हणून सोडायचं हा नानांचा स्वभाव नव्हता. "शेठजींनी जन्मभर कापूस पिंजला," ते म्हणाले होते, "आता म्हातारपणी मराठी भाषा पिंजायला घेतली आहे." सभा खो खो हसली. वकील तर टाळ्या वाजवत हसले. म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. काठीवरचा एक हात काढून त्याने दुसऱ्यावर ठेवला. नानांनी हे पाहिलं होतं आणि त्यांना बरं वाटलं होतं. खोटं कशाला, बरंच वाटलं होतं.

आणि मग कादंबरी. मुंबईच्या एका तरुण लेखकाची. तिच्यातल्या माणसाला नाव नाही, नुसता 'तो'. तो कुठल्याशा कचेरीत काम करतो, खिडकीशी उभा राहतो, आणि त्याला काही वाटत नाही. शहाण्णव पानांपर्यंत त्याला काही वाटत नाही. नानांनी ती पानं कर्तव्य म्हणून वाचली होती, कारण असल्या कादंबऱ्यांना आता मान होता. शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी वाक्य मधेच तुटतं, आणि सत्त्याण्णववर एकदम कुणीतरी 'मी' म्हणून बोलू लागतं. नाना चमकले होते. टाइप बदललेला, कागदसुद्धा वेगळा. वा! काय धाडस! त्याच आवेशात त्यांनी सभेला सांगितलं, "वाक्य तोडायला छाती लागते. 'तो' मेला आणि 'मी' जन्मला. पाहा, कागदही बदललाय, जुना, पिवळा. स्मृतीचा कागद!" आणि पुस्तक वर धरून दाखवलं होतं. नंतर त्यांनी ते पान वाचलं होतं.

"ती आमच्या घरी आली तेव्हा तेरा वर्षांची होती. दिवसा नवऱ्याने बायकोशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. ती धुणं धुणाऱ्या भिकुबाईपाशी बसे आणि तिच्याकडून इथलं बोलणं शिकली. दीड वर्षाने एका दुपारी दुकानाच्या आतल्या दाराशी येऊन सगळ्यांदेखत ती मला म्हणाली, 'जेवाले चला, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी.' मारवाडातून आणलेली सून मोलकरणीच्या बोलीत बोलली म्हणून दुकान हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. ती आत गेली. पुढे आम्ही चाळीस वर्षं संसार केला, सात बाळंतपणं झाली, पण मला जेवायला बोलवायला ती परत कधी आली नाही. ताट वाढून झालं की भांडं वाजवायची."

बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. नानांचा स्वतःचा आवाज 'भांडं'पाशी किंचित फाटला होता, आणि तो फाटला याचं त्यांना कौतुक वाटलं होतं. घरी एकट्याने वाचतानाही त्यांनी तिथे पुस्तक मिटलं होतं आणि बराच वेळ छपराकडे बघत पडून राहिले होते. कितीतरी वर्षांत कुठल्या पुस्तकाने त्यांना असं धरलं नव्हतं. म्हणून तर सभेत सांगितलं, की मुंबईचा माणूस खानदेशी बोली इतकी अचूक लिहितो, याला प्रतिभा म्हणतात.

प्रतिभा! दुपारच्या सुट्टीत ते वाचनालयात गेले, कपाट उघडलं आणि उभ्या उभ्याच कादंबरी पाहिली. सत्त्याण्णव पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: मा. सा. ७. माझे साधे दिवस, सातवा फर्मा. छापखान्याने बाइंडरसाठी टाकलेली खूण. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याने दाराशी बसून काठावरची पट्टी ओळखली, आणि ज्याने पुस्तक हातात धरलं होतं त्याने तिच्यावर व्याख्यान दिलं. नानांनी मग दुसरं पुस्तक काढलं. झुंबरलालच्या साध्या दिवसांत, दुष्काळात गुरं विकल्याच्या प्रसंगानंतर, सोळा पानं एक बिननावाचा माणूस मुंबईत खिडकीशी उभा होता. यशाच्या आणि परमार्थाच्या पुस्तकांतही तसलीच अदलाबदल. परमार्थाचं पुस्तक मामलेदारांनी भाषणाआधीच वाचून परत केलं होतं आणि खिडकीवरच्या शेरेबुकात लिहिलं होतं: 'मध्यंतरी गुरुमाउली व्यवहाराचेही फार मौलिक मार्गदर्शन करते.' नाना मोठ्याने हसले. गिऱ्हाइकाशी हात कसा मिळवावा ते वाचून हा गृहस्थ ब्रह्मानंदी टाळी लावून बसला होता! हसता हसता ते थांबले. मामलेदारांनी निदान लिहिलं तेवढंच होतं. पन्नास माणसांसमोर कागद वर धरून दाखवला नव्हता. रांग एकच होती आणि तिच्यात मामलेदारांच्या पुढे गिरधर नाना उभे होते.

त्या दिवशी घरी आल्यावर ते बायकोकडे बघत राहिले. पुष्पाबाई मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. त्याही वाचत, वाचनालयाच्या कार्डावर त्यांचं नाव नानांना नेहमी दिसे, पण वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्या घरात चकार शब्द काढत नसत. पहिल्यापासून असं नव्हतं. नव्या लग्नाच्या दिवसांत त्या भराभर सांगत. एकदा, वकील घरी बसलेले असताना, एक कादंबरी मिटून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "इतकं रडू आलं हे वाचून." नाना म्हणाले होते, "तुला मिरच्या निवडतानाही येतं." वकील पोट धरून हसले. झालं होतं एवढंच. एवढंसं. त्याला वीस-बावीस वर्षं झाली असतील. नंतर कधी त्या काही बोलल्या नाहीत आणि नानांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्यांना काय म्हणायचं आहे याची नानांना कधी उत्सुकताच नव्हती. सत्त्याण्णव पानाशी पुस्तक मिटून आपण छपराकडे का बघत होतो, हे आत्ता त्यांना कळलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. "काय हो?" पुष्पाबाईंनी विचारलं. "काही नाही," नाना म्हणाले, आणि त्या परत देठ मोडू लागल्या.

आठवडाभर त्यांनी वाटा शोधल्या. समितीला कळवावं, की बाइंडर निष्काळजी आहे, काम दुसऱ्याला द्यावं. पण मग सगळ्या गावाला स्मृतीचा कागद आठवला असता. वकिलांनी तो दहा वर्षं पुरवला असता. भटूकडून गुपचूप दुरुस्त करून घ्यावं. पण कादंबरीसाठी अकरा नंबर लागले होते, आणि अकराच्या अकरा जण तेच पान शोधणार होते. आणि हे सगळं मनात घोळत असताना शुक्रवारी एकदम त्यांना तो दिसला: पहिल्या रांगेतला म्हातारा, काठीवर हात. आपण वाचत होतो तेव्हा तो तिथेच होता! स्वतःची बायको, स्वतःचं घर, स्वतःचं वाक्य त्याला ओळखू आलं नसेल? तो उठून एक शब्द बोलला असता तर नाना तिथल्या तिथे संपले असते. का बोलला नाही? आता काय करणार आहे? वर्तमानपत्रात पत्र? समितीकडे अर्ज? बनियाची जात, उगीच गप्प बसणार नाही. नानांना दोन रात्री धड झोप लागली नाही. रविवारी सकाळी ते दोंडाईच्याच्या एसटीत बसले. माफी मागायला चाललो आहोत, असं ते स्वतःला सांगत होते. खरं तर ते भीतीपोटी चालले होते आणि हेही त्यांना दिसत होतं. शेजारी एक शेतकरी कोंबडीची डाल मांडीवर घेऊन बसला होता, त्याचाही त्यांना नेहमीसारखा तिटकारा येईना. त्यासाठी लागणारी ताकदच अंगात उरली नव्हती.

झुंबरलाल माडीवर एकटेच होते. भिंतीशी 'माझे साधे दिवस'चे गठ्ठे सुतळीने बांधून रचलेले. त्यांनी नानांना गादीवर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. नानांनी वाटेत जुळवलेली वाक्यं होती, ती त्यांनी म्हणून टाकली: बांधणीत घोळ झाला, फर्मे बदलले, बाइंडर अडाणी, त्याला वाचता येत नाही.

"वाचता येत नाही, मग त्याला कशाला बोल लावायचा?" झुंबरलाल म्हणाले.

नानांनी त्यांचा चेहरा निरखला. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देणं त्यांना येत होतं. तिथे काही नव्हतं. म्हातारा खरंच भटूबद्दल बोलत होता.

"तुम्हाला सभेतच कळलं होतं?"

"मी लिहिलेलं मला नाही कळणार?"

"मग उठून बोलला का नाहीत, शेठजी?"

झुंबरलालनी पगडी काढून बाजूला ठेवली. डोकं अगदी लहान दिसू लागलं. "आधी लोक हसले. ते माझ्या लिहिण्याला हसले, ठीक आहे, मला कुठे लिहिता येतं. मग तुम्ही ते दुसरं पुस्तक उघडलं आणि तिचं वाचायला लागलात. म्हटलं, आता आमची लाडकुंवर दाराशी येऊन बोलेल आणि ही एवढी माणसं तिला हसतील. मी डोळे मिटून घेतले. कुणी हसलं नाही. तुमचा तर आवाज बसला. बावन्न वर्षं झाली तिच्या त्या बोलण्याला. ती होती तोवर आमच्या घरात ती गोष्ट दर सणावारी कुणीतरी काढायचं आणि सगळे हसायचे. ती पण हसायची मग. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मी उठून काय सांगायचं होतं? की हे माझं आहे?"

"हो. तुमचंच आहे. मी पुढच्या सभेत तसं सांगतो." नानांना स्वतःच्याच बोलण्याचं आश्चर्य वाटलं. हे सांगितल्यावर आपलं काय उरेल, ते त्यांना त्या क्षणी दिसत होतं आणि तरी ते खरंच सांगायला तयार झाले होते.

"नका सांगू." झुंबरलाल घाईने म्हणाले. "त्या बिचाऱ्याचं काम जाईल. आणि तिला राहू द्या तिथेच, त्या मुंबईच्या पुस्तकात. मान आहे तिला तिथे." मग गठ्ठ्यांकडे हात करून, अगदी साधेपणाने, भाव सांगावा तसं ते म्हणाले, "माझं आहे म्हटलं असतं, तर हसले असते."

नानांच्या ओठांवर शब्द आले, छे छे, असं कसं, चांगलं ते चांगलंच, कुणाचंही असो. अकरा वर्षं हेच तर ते सभेला सांगत आले होते. खालच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या चालल्या होत्या.

"मी तुमचं पुस्तक वाचलं नव्हतं," ते म्हणाले. "वीस पानं चाळली होती. आणि सातव्या फर्म्यापर्यंत आलो असतो ना, शेठजी, तर पहिला मी हसलो असतो."

"हो," झुंबरलाल म्हणाले.